डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी परळचं रिहॅब सेंटर, आमचा आठ महिन्यांचा अनुभव

मोठा रिव्ह्यू आहे, आधीच सांगते. पण ज्यांच्या घरात डोक्याला मार लागलेला माणूस आहे त्यांनी जरा वेळ काढून वाचा, कारण गेल्या वर्षी मी रात्र रात्र मोबाइलवर शोधत होते आणि मराठीत मला असं काही सापडलं नव्हतं. सेंटरचं नाव इथे टाकत नाहीये, तिथल्या ताईंनीच नको म्हणून सांगितलंय, त्यांच्याकडे सहाच पेशंटची जागा आहे आणि उगाच लोक लांबून येऊन परत जातात. परळच्या मोठ्या हॉस्पिटलांच्या न्यूरो ओपीडीत ऑक्युपेशनल थेरपीबद्दल, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवतात त्याबद्दल, विचारलंत तर तिथे सांगतात, आम्हालाही तसंच कळलं.

माझा मोठा भाऊ, दादा, दादरच्या फुलबाजारात गेली बावीस वर्षं धंदा करतो. पहाटे तीनला उठून शिवडीहून बाइकवर निघायचा. गेल्या वर्षी जानेवारीत निघाला, हेल्मेट हातात अडकवलेलं, रस्त्यावर कुठे तरी पाणी सांडलेलं होतं त्यात गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. कपाळाचं हाड आत दबलं होतं. ऑपरेशन त्याच दिवशी झालं, हाडाचा एक तुकडा काढून ठेवला आणि मे महिन्यात परत बसवला. चोवीस दिवस हॉस्पिटलमध्ये होता. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्याबद्दल मी आयुष्यभर हात जोडेन. पण डिस्चार्जच्या दिवशी कागदावर गोळ्या, टाके काढायची तारीख आणि खाली एवढंच की फॉलोअप ओपीडी. घरी गेल्यावर काय काय होऊ शकतं हे कोणी एका शब्दाने सांगितलं नाही.

आणि घरी आलेला दादा वेगळाच होता. चालत होता, बोलत होता, जेवत होता, बघायला येणारे म्हणायचे अरे हा तर ठणठणीत आहे, देवाची कृपा. पण ज्याने आयुष्यात कधी वहिनीला अरे-तुरे केलं नाही तो तिला शेजाऱ्यांसमोर शिव्या द्यायला लागला. दहा मिनिटांत तीन बेत करायचा, फुलांचं दुकान बंद करून पोल्ट्री काढू, नाही गावाला जाऊ, नाही टेम्पो घेऊ, आणि अकराव्या मिनिटाला काहीच नाही, नुसता भिंतीकडे बघत बसायचा. एप्रिलमध्ये हट्टाने बाजारात गेला आणि निशिगंधाच्या दोन लड्या समोरच्या माणसाला फुकट देऊन टाकल्या, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाशी पाच रुपयांवरून हाणामारीवर आला. पुतण्या रडत घरी आला. नातेवाइकांपैकी कोणी म्हणालं बाहेरचं बघा, कोणी म्हणालं लाडावलाय. मलासुद्धा एकदा वाटून गेलं की हा मुद्दाम करतोय, आणि ते मला अजून टोचतं.

जून महिन्यात सेंटरला पहिल्यांदा गेलो. जुन्या चाळीसारखी बिल्डिंग आहे, पहिला मजला, दोन खोल्या. आत शिरल्यावर मशीन-बिशीन फार दिसत नाहीत आणि मी खरं तर थोडी नाराजच झाले. एका खोलीत गॅसची शेगडी, भांडी, तांदळाचा डबा, कपडे वाळत घालायची दोरी, खोटं किराणा दुकान मांडलेलं, वजनकाटा. दुसऱ्या खोलीत टेबलं आणि भिंतीला मोठं घड्याळ. एक मुख्य ताई आहेत, एक फिजिओ मुलगा आणि एक मावशी. पहिल्या दिवशी दीड तास ताईंनी दादाला हातसुद्धा लावला नाही, आम्हाला नुसतं विचारत होत्या. अपघाताच्या आधी किती वाजता उठायचा, हिशोब कोण ठेवायचं, चिडला की काय करायचा, विनोद करायचा का, पैसे कोणाला उधार द्यायचा. वहिनीला विचारलं की आधीचे भाऊ आणि आत्ताचे भाऊ ह्यात सगळ्यात जास्त काय बोचतं. वहिनी म्हणाली, माणूस घरी आला पण माझा नवरा नाही आला.

तेव्हा ताईंनी त्यांच्या रजिस्टरमधून एक फोटो काढला. जुना, काळा-पांढरा, एक देखणा माणूस, कोट घातलेला, डावा डोळा मिटलेला आणि दोन्ही हातात उभी धरलेली एक लांब लोखंडी पहार. त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन मिळेल तिथून वाचून काढलं, मुलीकडून इंग्रजी समजून घेतलं, आणि इथे लिहितेय कारण ते सेंटर काय करतं हे मला त्याच गोष्टीतून कळलं.

त्या माणसाचं नाव फिनिअस गेज. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश नावाच्या गावाजवळ रेल्वेचं काम चालू होतं, हा पंचवीस वर्षांचा, सुरुंग लावणाऱ्या टोळीचा मुकादम. खडकात भोक पाडायचं, त्यात दारू भरायची, वात घालायची, वर वाळू टाकायची आणि पहारीने ठासायची. आपल्याकडे १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्यानंतर भोर घाट फोडला तो असाच, खडकात दारू ठासून, त्यामुळे हे काम आपल्याला काही परकं नाही. १३ सप्टेंबर १८४८, दुपारचे साडेचार. दारू पेटली आणि ती पहार, साडेतीन फुटांहून लांब, सव्वा इंच जाड, सहा किलो वजनाची, त्याच्या डाव्या गालातून शिरली, डोळ्याच्या मागून वर गेली आणि डोक्याच्या वरून बाहेर पडून लांब जाऊन पडली. दादाला ताईंनी हे सांगितलं तेव्हा तो एकदम म्हणाला, सहा किलो म्हणजे झेंडूचं छोटं पोतं. महिनाभरात त्याने स्वतःहून बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं.

गेज काही मिनिटांत बोलायला लागला. बैलगाडीत बसून गावातल्या खानावळीपर्यंत आला, जिथे तो राहायचा, आणि बाहेर खुर्चीत बसला. आधी विल्यम्स नावाचे डॉक्टर आले, त्यांना म्हणाला डॉक्टर, तुमच्यासाठी इथे भरपूर काम आहे. सहाच्या सुमाराला दुसरे डॉक्टर आले, जॉन मार्टिन हार्लो. त्यांचं वय अठ्ठावीस. चार वर्षांपूर्वी पास झालेला खेडेगावचा डॉक्टर. जंतूंनी जखम चिघळते हे तेव्हा डॉक्टर लोकांना माहीत नव्हतं, लिस्टर नावाच्या इंग्रज सर्जनचं जखमा निर्जंतुक ठेवायचं काम आलं १८६७ ला. एक्स-रे नाही, सीटी स्कॅन नाही, अँटिबायोटिक नाही. मुंबईत तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती, आपले भाऊ दाजी लाड तिथे शिकत असतील.

ह्या हार्लोंनी काय केलं ते मी परत परत वाचलंय. केस कापले. गोठलेलं रक्त आणि हाडाचे छोटे तुकडे काढले. हाडाचे मोठे तुकडे होते ते परत जागेवर बसवले. वरून एक बोट आणि गालातून दुसरं बोट घालून पाहिलं, पूर्ण बोट आत गेलं, काही अडलं नाही. मग चिकटपट्ट्यांनी जखम जवळ आणली पण पूर्ण बंद केली नाही, घाण बाहेर यायला जागा ठेवली आणि डोकं उंचावर ठेवून झोपवलं. पेशंट त्या रात्री म्हणत होता की मित्रांना भेटायला बोलवू नका, मी एक-दोन दिवसांत कामावरच जाणार आहे. आमचा दादा आयसीयूतून बाहेर आल्या आल्या म्हणाला होता, माल उतरवायला कोण गेलंय.

त्यानंतर ताप, बडबड, डोक्यातल्या जखमेतून मांसाचे कोंब वर यायला लागले आणि सप्टेंबरच्या शेवटी गेज जवळजवळ बेशुद्ध. घरच्यांनी आणि सोबतच्या लोकांनी शवपेटी आणि कपडे तयार ठेवले होते, मेला की गावी न्यायचं म्हणून. एकाने तर हार्लोंना विनंती केली की आता काही करू नका, उगाच त्याचे हाल लांबतील. आणि हार्लोंनी त्याच वेळी ते कोंब कात्रीने कापले, औषधाने डागले, सुरीने कपाळाची जखम उघडली आणि पाव लिटरच्या आसपास पू बाहेर काढला. जिथे सगळ्यांनी हात टेकले होते तिथे हा एकटा माणूस रोज जात होता आणि रोज लिहून ठेवत होता. नाडी किती, झोप किती, काय बोलला, काय खाल्लं. ऑक्टोबरच्या ७ तारखेला गेज उठून खुर्चीपर्यंत एक पाऊल टाकून गेला, हे तारखेसकट लिहिलेलं आहे. नोव्हेंबरमध्ये हार्लो आठवडाभर गावात नव्हते तर हा पठ्ठ्या रोज रस्त्यावर फिरायला, पाय भिजवून, कोट न घालता, आणि परत तापाने पडला. २५ नोव्हेंबरला तो आपल्या गावी घरी गेला, म्हणजे अपघातानंतर अडीच महिन्यांनी. एक डोळा गेला तो गेला.

इथपर्यंतची गोष्ट चमत्काराची आहे आणि लोकांना तीच आवडते. वहिनीला मात्र पुढचं ऐकायचं होतं.

पुढे काय झालं, तर रेल्वेच्या ठेकेदारांनी त्याला मुकादमकी परत दिली नाही. अपघाताच्या आधी तो त्यांचा सगळ्यात हुशार आणि कामसू माणूस होता. हार्लोंनी नंतर लिहिलंय की तो चंचल झाला, घाणेरड्या शिव्या द्यायला लागला, त्या आधी देत नव्हता, कोणाचा मान ठेवेना, मनाविरुद्ध काही सांगितलं की ऐकेना, एका वेळी हट्टी आणि एका वेळी धरसोड, पुढचे बेत करायचा आणि केल्या केल्या सोडून द्यायचा. मित्र म्हणायचे हा आता आपला गेज राहिला नाही. ताईंनी एवढं वाचून दाखवलं आणि वहिनी ढसाढसा रडली, कारण कोणी तरी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी आमच्याच घरातलं लिहून ठेवलं होतं. त्या दिवसापासून घरात कोणी दादाला मुद्दाम करतोस म्हणालं नाही. मी पण नाही. नुसत्या ह्या एका गोष्टीसाठी मी ह्या सेंटरला पैकीच्या पैकी मार्क देईन.

पण ताईंचं खरं म्हणणं पुढेच होतं. त्या म्हणाल्या बहुतेक लोक ही गोष्ट इथेच संपवतात, गेज बिघडला आणि वाया गेला, कॉलेजातसुद्धा एवढंच शिकवून सोडतात. खरी गोष्ट अशी की तो पुढे साडेअकरा वर्षं जगला. काही दिवस न्यूयॉर्कला बार्नमच्या म्युझियममध्ये पहार घेऊन लोकांसमोर उभा राहिला, मग तबेल्यात काम केलं, आणि १८५२ ला थेट दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि तिथे घोडागाडी चालवायला लागला. वाल्पाराइसो भागात, प्रवाशांनी भरलेली, कधी कधी सहा घोड्यांची गाडी. जवळजवळ सात वर्षं. आता विचार करा, सहा घोड्यांचे लगाम हातात धरायचे, पहाटे वेळेवर निघायचं, रस्ता लक्षात ठेवायचा, परक्या भाषेतल्या प्रवाशांशी नीट वागायचं, हे ज्याच्या डोक्यातून पहार गेली त्या माणसाने केलं. मॅल्कम मॅकमिलन म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं असं की त्या रोजच्या ठरलेल्या कामानेच त्याला परत माणसात आणलं असणार. रोज तेच काम, त्याच क्रमाने, आणि चुकलं तर लगेच कळतं. मेंदूचा पुढचा भाग जे काम करायचा, म्हणजे आधी काय मग काय हे ठरवायचं, ते काम निम्मं ह्या बाहेरच्या शिस्तीने उचललं.

सेंटर हेच करतं, आणि त्यांनी दादासाठी काय केलं ते आता सांगते.

पहिल्या आठवड्यात त्यांनी दादाला मणी ओवायला, रंगीत ठोकळे लावायला दिले, त्याने ते फेकून दिले, म्हणाला मी काय बालवाडीत आलोय का. ताई चिडल्या नाहीत, वहीत काही तरी लिहिलं आणि आम्हाला सांगितलं उद्या येताना ह्यांची हाराची सुई, दोरा आणि दोन किलो झेंडू आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर फुलं ओतली. दादाने सुई हातात घेतली आणि बोटं आपोआप चालायला लागली, बावीस वर्षांची सवय, देठ मोडायचा, फूल उलटं धरायचं, मधोमध सुई, दोऱ्यावर खाली सरकवायचं. सुंदर. पण चार झेंडू आणि एक पांढरी शेवंती असा क्रम ठेवायला सांगितला तर सातव्या-आठव्या फुलाला क्रम विसरायचा आणि विसरला हे त्याला कळायचंच नाही. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा हार तोडून टाकला. ताईंनी तुटलेला हार बाजूला ठेवला, एका पुठ्ठ्यावर चार केशरी ठिपके आणि एक पांढरा ठिपका काढून समोर उभा केला आणि म्हणाल्या, भाऊ, प्रत्येक पांढऱ्या फुलानंतर सुई खाली ठेवायची, पुठ्ठ्याकडे बघायचं, मग पुढचं. बास. एवढंच तीन आठवडे चाललं. सुई खाली ठेवायची. पुठ्ठ्याकडे बघायचं. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, त्याने अख्खा सव्वा हाताचा हार एकही चूक न करता केला आणि तो सेंटरच्या गणपतीच्या फोटोला घातला, मावशीने पेढा वाटला.

मग तीच युक्ती घरी आणली. राग आला की सुई खाली ठेव, म्हणजे हातात जे असेल ते खाली ठेवायचं आणि भिंतीवर लावलेल्या कार्डाकडे बघायचं. कार्डावर तीन ओळी, दादानेच सांगितलेल्या. नेहमी जमतं असं मी म्हणणार नाही, दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने फार त्रास झाला, दोनदा ताट भिरकावलं. पण आधी दिवसाला पाच-सहा वेळा व्हायचं ते आता आठवड्याला एखाद-दोन वेळा, वहीत मोजून लिहिलेलं आहे म्हणून सांगतेय.

ही वही म्हणजे ह्या सेंटरचा जीव आहे. साधी दोनशे पानी वही, रोज घरच्यांनी भरायची. किती झोपला, किती वेळा चिडला आणि त्याच्या आधी काय झालं होतं, स्वतःहून काय केलं, गोळ्या किती वाजता. पहिल्या पंधरा दिवसांत आम्हाला कंटाळा आला, वहिनी म्हणाली घरचं करू का लिहीत बसू. पण त्या वहीतूनच ताईंनी शोधलं की दादाचा राग बहुतेक वेळा दुपारी साडेबारा ते दोन मध्येच असतो, आणि त्या आधी तो सकाळी सलग बसलेला असतो. अकराला त्याला झोपवायला लागलो आणि अर्धे तंटे मिटले. एवढी साधी गोष्ट, पण बघणारं कोणी तरी लागतं. मला तर त्या वेळी हार्लोंची टिपणं आठवली.

ताईंनी हार्लोंची एक कमतरताही सांगितली, अगदी मनापासून, दोष द्यायला म्हणून नाही. गेजला त्यांनी पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये परत तपासलं आणि मग काही काळाने माग सुटला. पत्र नाही, पत्ता नाही. १८६६ ला त्यांना गेजच्या आईचा पत्ता लागला तेव्हा कळलं की तो सहा वर्षांपूर्वीच गेला, मे १८६० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला, वय छत्तीस. फेब्रुवारीपासून फिट्स यायला लागल्या होत्या आणि त्यातच तो गेला, अपघातानंतर इतक्या वर्षांनी. आईच्या परवानगीने कबरीतून कवटी काढली आणि ती पहार, जी त्याने शेवटपर्यंत जवळ ठेवली होती, दोन्ही हार्लोंकडे पाठवली. दोन्ही आज हार्वर्डच्या वॉरेन म्युझियममध्ये आहेत. १८६८ ला हार्लोंनी सगळं सविस्तर लिहून डॉक्टरांसमोर वाचलं तेव्हा कुठे लोकांसमोर आलं की कपाळामागच्या मेंदूला मार लागला की स्वभाव बदलू शकतो. शेवटी त्यांनी म्हटलं की मी पट्टी बांधली, बरं देवाने केलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. पण ताई म्हणतात की मधल्या त्या वर्षांत जर कोणी त्याच्याकडे बघत राहिलं असतं तर आपल्याला अजून किती तरी कळलं असतं, म्हणून त्या माग सुटू देत नाहीत. पावसात दोन दिवस आम्ही गेलो नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळी फोन, भाऊ कसे आहेत, गोळी चुकली का, हातपाय झटकले का, नजर एका जागी खिळून राहिली का. डोक्याला मार लागलेल्याला फिट कधीही येऊ शकते, वर्षांनी पण, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका हे त्या प्रत्येक वेळी बजावतात. आमच्या ओळखीत एकाने केल्या होत्या बंद.

आता त्रासाच्या गोष्टी. लिफ्ट नाही, जिने उंच आहेत आणि कठडा एका बाजूला हलतो, व्हीलचेअरवाल्या पेशंटला दोन माणसं उचलून नेतात ते बघवत नाही. बसायला जागा नाही, नातेवाईक जिन्यात उभे. एक तासाच्या सेशनचे नऊशे रुपये, आठवड्यातून तीनदा, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या वर जातात आणि आमच्या मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही कारण भरती होऊन घेतलेली ट्रीटमेंट नाही. ताईंनी तीन महिन्यांनी आमचे आठवड्याला दोन सेशन केले आणि एक घरी करायला शिकवलं, त्यांनी न मागता, हे लिहिलंच पाहिजे. बोलण्याचं जे शिकवतात त्या मॅडम फक्त मंगळवारी येतात, ज्यांची वाचा गेलीय त्यांच्यासाठी हे फार कमी आहे. शनिवारचा ग्रुप जास्त करून हिंदीत चालतो, वहिनीला बोलायला संकोच वाटायचा, तिने सांगितल्यावर आता महिन्यातून एकदा मराठी ग्रुप होतो, आठ-दहा बायका येतात आणि त्या तासाभरात वहिनी जेवढी बोलते तेवढी वर्षभरात माहेरी बोललेली नाही. आणि फिजिओ मुलगा चांगला आहे पण घाईत असतो, खांद्याचे व्यायाम परत दाखवायला सांगावे लागतात.

अजून एक. इथे कोणी तुम्हाला माणूस पूर्ण आधीसारखा होईल असं सांगणार नाही. एका दुसऱ्या ठिकाणी आम्ही आधी गेलो होतो तिथे तीन महिन्यांत शंभर टक्के म्हणून पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले आणि रोज मोबाइलवर गेम खेळायला लावले. इथे ताईंनी पहिल्याच दिवशी वहिनीला सरळ सांगितलं की आधीचे भाऊ जसेच्या तसे परत येतील असं मी म्हणणार नाही, पण ह्या भाऊंना दिवस लावून देता येईल. तेव्हा ऐकायला कडू लागलं. आता मला वाटतं तेच एक खरं वाक्य आम्हाला वर्षभरात कोणी सांगितलं.

दादा नोव्हेंबरपासून बाजारात जातो. गिऱ्हाईक आणि पैसे पुतण्या बघतो, दादा मागे बसून हार आणि तोरणं करतो, समोर तो ठिपक्यांचा पुठ्ठा, आता त्याच्यावर पाच-सहा वेगवेगळे क्रम आहेत. शेजारच्या गाळ्यातल्या मावशींनी बघून स्वतःच्या नवीन पोरासाठी तसाच पुठ्ठा करून घेतला. गेजचा फोटो दादाने ताईंकडून झेरॉक्स करून घेतलाय आणि लाकडी गल्ल्याच्या आत झाकणाला चिकटवलाय. कोणी विचारलं तर सांगतो, हा घोडागाडी चालवायचा. पहारीचं सांगतच नाही.

जाणार असाल तर आधी फोन करून वेळ घ्या, सकाळी दहाच्या आत. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स आणि सीटीच्या सगळ्या फिल्म न्या, रिपोर्टचा नुसता कागद चालत नाही. पेशंटबरोबर घरातलं असं माणूस न्या जे अपघाताच्या आधी रोज त्याच्याबरोबर असायचं, कारण पहिले दीड तास तेच बोलणार आहे. आणि तो आधी हाताने जे काही काम करायचा त्यातली एक वस्तू पिशवीत टाका, पाना असो, लाटणं असो, इंचटेप असो. आम्हाला ती सुई आणायला परत शिवडीला जावं लागलं होतं.